ओल्या कोळशाची घट

गेणबा,

तुझ्या दहाव्याला नदीकाठी मला बोलायला उभं केलं. जमलेल्या माणसांत मी वयानं मोठा, लिहितावाचता, आणि स्टेशनावर तुझ्याबरोबर वीस वर्षं काढलेला. मी उभा राहिलो, "गेणबा सचोटीचा माणूस होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. समोर तुझा भाऊ किसन डोकं भादरून उन्हात उकिडवा बसला होता. त्याच्याकडे नजर गेली आणि पुढचं वाक्य घशातच राहिलं. ते वाक्य माझ्याविषयी होतं. दोन वर्षं मी ते गिळून बसलो होतो. आता लिहितो.

मी भट्टीवाल्यांचा स्टेशनावरचा कारकून. कोळसा रेल्वेच्या मालडब्यांतून यायचा, वाघिणी रिकाम्या झाल्या की आमच्या आवारात ढीग पडायचा आणि तिथून सात कोसांवर, कोल्हारच्या अलीकडे प्रवरेकाठच्या वीटभट्ट्यांवर तुमच्या बैलगाड्या तो न्यायच्या. बावीस गाड्या होत्या आणि तू त्यांचा मुकादम. गाडी भरली की माझ्या काट्यावर यायची, मी वजन लिहून चिठ्ठी द्यायचो. दिवसभर चालून गाड्या संध्याकाळी भट्टीवर पोचायच्या. तिथला काटा सकाळी उघडायचा, तेव्हा पुन्हा वजन व्हायचं. दोन वजनांत जो फरक पडेल ती घट. पाच-दहा किलो कोळसा रस्त्यावर सांडतोच, त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही.

तुमची पाळी ठरवायची रीत मला फार आवडायची. सकाळी जो आधी येईल त्यानं बैल सोडायचे, जुवाची एक शिवळ, ती लाकडी खुंटी, काढायची आणि आवाराच्या भिंतीशी ओळीत ठेवायची. ज्याची शिवळ पुढं त्याची गाडी आधी भरायची. शिवळेवाचून बैल जुंपता येत नाही, त्यामुळे पाळी टाकून कुणी निघून जाण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येकाची शिवळ प्रत्येकाला ओळखू यायची. वीस वर्षांत त्या ओळीवरून एकदाही हाणामारी झाली नाही. एकच गोष्ट त्या रीतीत बसत नव्हती. तुझा सख्खा भाऊ किसन कितीही लवकर आला तरी त्याची शिवळ शेवटी. तुझाच तो नियम. तो एकदा तणतणला होता, "दादा, मी काय सावत्र हाय का रं?" तू म्हणालास, "मुकादमाचा भाऊ हाईस. लोकांनी बोट दाखवाया नगं." किसन शिवळ उचलून ओळीच्या टोकाला ठेवायला गेला, आणि जाता जाता म्हणाला, "मंग मुकादमी तरी सोड, न्हायतर भाऊ तरी." सगळे हसले. तूही हसलास. हा नियमच पुढं त्याच्या मुळावर आला, आणि तो कसा ते फक्त मला माहीत होतं.

एका भट्टीवाल्याच्या पुतण्यानं दोन ट्रक घेतले, तेव्हापासून आवारातली हवा बदलली. बलवंत ड्रायव्हर आठवतो? पान खाऊन, खिडकीबाहेर कोपर काढून आत यायचा. पहिल्याच दिवशी तो तुला म्हणाला, "गेणूमामा, तुमचं बैल कोल्हारला पोचस्तोवर माझ्या कोळशावर वीट भाजून, भिंत बांधून, वर माणूस राहायला जाईल." तू बैलाच्या पाठीवरची माशी हाकलत म्हणालास, "जाईल बाबा. पर त्या भिताडाला सारवाया शेन कुटनं आननार? तुजा टरक हागतो का?" बलवंत स्वतःच एवढा हसला की पानाची पिंक शर्टावर उडाली.

तुझी-माझी वादावादी मात्र हसण्यावारी जायची नाही. मी म्हणायचो, गेणबा, ट्रकच जिंकणार. तू म्हणायचास, "रेल्वे आली तवा माझा बाप बी आसंच म्हनला हुता. आता बैल मेलं म्हून. मेलं का? रेल्वे ठेसनात थांबती. म्होरं बैलच लागतो." मी सांगायचो की ट्रक स्टेशनात थांबत नाही, थेट भट्टीत शिरतो. त्यावर तू एकदा म्हणालास, "बाबू, मंग उद्या त्यो थेट खानीतनंच भरून येईल. रेल्वे बी न्हाई, ठेसन बी न्हाई. तुमच्या काट्याला तरी कोन इचारनार?" मला राग आला होता. मी म्हटलं, एवढ्या लांबून ट्रकनं कोळसा आणणं कुणाला परवडायचं? तू खांदे उडवलेस. वाद तिथेच राहिला. तुला सांगायचं राहिलं, यंदा वाघिणी वेळेवर मिळेनात म्हणून दोन भट्टीवाल्यांनी चांद्याच्या खाणीतून थेट ट्रकनं कोळसा मागवला. माझा काटा आठवड्यातून चार दिवस रिकामा असतो. तुझं खरं झालं.

भट्टीवाल्यांनी त्या वर्षी, म्हणजे दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात ठरवलं की महिनाभर एकाच ढिगातून गाड्याही भरायच्या आणि ट्रकही. वेळ कुणाला किती लागतो आणि घट कुणाची किती येते ते पाहायचं आणि मग काम कुणाला द्यायचं ते ठरवायचं. वेळेत तुम्ही हरणार हे तुलाही कळत होतं. पण घटीवर तुझा भरवसा होता. गाडीला आतून बांबूचे तट्टे लावून घ्या, सांडू देऊ नका, असं तू घरोघर जाऊन बजावलंस. "वेळ त्यांचा, पर माल आमचा पुरा," हे तुझं वाक्य.

आणि नेमका त्याच महिन्यात माझा ढीग धुमसायला लागला.

कोळशाचा ढीग फार उंच रचला आणि जुन्यावर नवा टाकत गेलं की आतल्या आत तो तापतो. म्हणून जुना आधी उचलायचा आणि ढीग अधूनमधून पलटायचा, हे माझं काम. ते मी आळसापायी टाळलं होतं. फाल्गुनापासून नवा कोळसा जुन्यावर टाकून घेत होतो, कारण पलटायला हमाल लावले की भट्टीवाले कुरकुर करत. एक दिवस सकाळी ढिगाच्या माथ्यातून धुराची बारीक रेघ निघाली. माझ्या आधीच्या कारकुनाचा ढीग असाच पेटला होता आणि त्याला त्याच आठवड्यात घरी बसवलं होतं. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. राहायची खोलीही आवारातलीच. मी कुणाला कळवलं नाही. दोन हमाल धरले, पाटाचं पाणी डब्यांनी आणवलं आणि ढिगात भोकं पाडून आत ओतवलं. रोज सकाळी, गाड्या यायच्या आत. हमालांना सांगितलं, धूळ फार उडते. धुळीसाठी वरून शिंपडायची पद्धत होतीच, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. वरचा थर उन्हानं तासाभरात सुकायचा. आतला कोळसा चिंब असायचा आणि पाणी झिरपून खालच्या कडेला साचायचं.

आता बघ, गेणबा, हिशेब किती सोपा आहे. ट्रक भरला की ताडपत्री टाकून तासाभरात भट्टीवर. तिथं लगेच वजन. इथंही ओला, तिथंही ओला. तुमची गाडी वैशाखाच्या उन्हात दिवसभर चालायची, तळातून पाणी ठिबकत राहायचं, वरून वारा लागायचा आणि वजन व्हायचं दुसऱ्या सकाळी. गाडीमागे मणभर पाणी रस्त्यातच उडून जायचं. आणि किसनाची गाडी सगळ्यात शेवटी भरायची. हमाल ढिगाची सोयीची बाजू आधी उपसत. शेवटच्या गाडीला उरायची ती खालची कड, चिखलासारखी. म्हणून किसनाची घट सगळ्यांच्या दीडपट.

पहिल्या आठवड्यात तू मला म्हणालास, "बाबू, कोळसा लई वला लागतुय." मी म्हणालो, "धुळीपुरतं शिंपडतो रे. नेहमीचंच." तू हाताला लागलेला काळा चिखल धोतराला पुसलास आणि बरं म्हणालास.

महिना संपल्यावर भट्टीवाल्यांनी आवारातच बैठक घेतली. गाडीवानांना समोर खाली बसवलं. मोठे शेठ म्हणाले, "गेणू, तुझी माणसं रस्त्यात कोळसा विकतात." तू उभा राहिलास. "शेठ, उन्हात वाळला आसंल. माल वला हुता." शेठ म्हणाले, "ट्रकवाल्यांनी तोच माल नेला. त्यांचा कसा नाही वाळला?" त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. शेठ माझ्याकडे वळले. "काय हो, कोळसा भिजवला होता का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मी विसरलेलो नाही. तिच्यात विनवणीचा लवलेशही नव्हता. बाबू आहेत, आता खरं ते कळेल, असा निवांतपणा होता.

मी म्हणालो, "नाही. धुळीपुरतं शिंपडलं होतं, रोजच्यासारखं."

तू भांडला असतास तर मला बरं वाटलं असतं. तू हळूच खाली बसलास. तुझ्या हाताला तो ओलावा महिनाभर लागला होता, तरी माझ्या एका वाक्यावर तू आपल्या हाताला खोटं ठरवलंस. बाबू नाही म्हणतात म्हणजे माल ओला नव्हता. माल ओला नव्हता म्हणजे कुणीतरी चोरलाय. आणि चोरलाय तर आपल्यातल्याच कुणीतरी.

दुसऱ्या दिवसापासून तू आपल्याच माणसांत चोर शोधू लागलास. माझ्याकडे येऊन चिठ्ठ्या मागितल्यास. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच एकेक घट वाचून दाखवली. किसनाचा आकडा आला तेव्हा तू म्हणालास, "परत वाचा." मी परत वाचला. किसनाची वस्ती वाटेवरच, दुपारी बैलांना पाणी दाखवायला तो तिथं थांबायचा. तू त्याच्या घरी गेलास आणि चुलीपाशी पाटीभर कोळशाची चुरी पाहिलीस. गाडी रिकामी झाली की तळाचं झाडून घरी न्यायचं, हे सगळेच करत होते. तूही करत होतास. पण तुला त्या दिवशी ते दिसलं नाही.

मग ती सकाळ. ट्रकला काम देऊन झालं होतं, भट्टीवाल्यांनी उरलासुरला माल उचलायला गाड्या दहा दिवस ठेवल्या होत्या. भिंतीशी शिवळा लागल्या होत्या. तू ओळीच्या टोकाला गेलास, किसनाची शिवळ उचललीस आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिलीस.

"उद्यापास्नं हितं लावू नगं."

किसन म्हणाला, "का? मी काय केलं?"

"तुला म्हाईत हाय."

"आरं दादा, आईच्यान सांगतो..."

"आईला मधी घेऊ नगं." तुझा आवाज चिरकला. "बावीस घरं बसली तुज्यापायी. व्हय का न्हाई? जा."

किसन तिथंच उभा राहिला. कुणी त्याच्या बाजूनं बोललं नाही. मी काट्याजवळ पेन्सिल घेऊन उभा होतो, दहा पावलांवर. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबू, तुमी सांगा की दादाला." मला काय माहीत आहे म्हणून तो तसं म्हणाला नाही. तुझं माझ्याशिवाय कुणी ऐकत नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. मी म्हणालो, "हा तुमचा घरातला मामला आहे."

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. ट्रक आज ना उद्या येणारच होते. माझ्या ढिगानं काही बदललं नाही, दोन वर्षं इकडचं तिकडे झालं इतकंच. हे खरंही आहे. तुम्ही हरलाच असता. पण बैल हळू चालतात म्हणून हरला असता. ताठ मानेनं घरी गेला असता, आणि किसन तुझ्याबरोबर गेला असता. मी तुम्हाला चोर म्हणून घरी पाठवलं.

तुझे उपकार आठवले की जेवण गोड लागत नाही. माझी बायको पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ट्रक दारात उभा होता. बलवंत चांगला पोरगा, तो न्यायला तयार होता. तूच म्हणालास, धक्के तिला सोसायचे नाहीत. गाडीत हातभर कडबा आणि त्यावर गोधड्या घातल्यास. नगरच्या रस्त्यानं दवाखान्यापर्यंत तू बैलांच्या पुढं पायी चाललास, खड्डा आला की हात वर करायचास आणि मागं कासरा धरलेला माणूस बैल आवरायचा. तो माणूस किसन होता. हिनं वाटेत एकदा तरी हाय केलं असेल तर शपथ. ती अजून चालते-फिरते. मी काय केलं ते तिला तुझ्या दहाव्यानंतर सांगितलं. तिनं माझं ताट वाढलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

मग दुष्काळ आला. राजूरहून आणलेली तुझी डांगी बैलजोडी तू घोडेगावच्या बाजारात नेलीस. वैरण नव्हती, कामही नव्हतं. विकून आलास आणि माझ्या काट्यावर बसलास. "घेनारा बी उपाशीच दिसत हुता," इतकंच म्हणालास. त्या दिवशीही मी बोलू शकलो असतो.

आणि तो शेवटचा दिवस. छातीत कफ दाटलेला, उशाशी सरूवहिनी. मी आलो तसं तू तिला पाणी आणायला पाठवलंस. तिनं ऐकू नये असं तुला काहीतरी विचारायचं होतं.

"बाबू, किसनाला निरोप धाडू का?"

मी वहिनींच्या जागी उशाशी बसलो.

"तुमी शिकल्यालं. खरं सांगा. त्यानं घेतला आसंल का वो? मला कदी कदी वाटतं, न्हाई घेतला. लहान हुता तवा दुसऱ्याच्या रानातलं बोर बी इचारून घ्यायचा. पर मंग घट कुटनं आली?"

घट कुठनं आली, हे एवढंच तू मला विचारलंस. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. शेठ नव्हते, नोकरी जाण्याचाही प्रश्न तिथं नव्हता. तुझ्याशिवाय मला कुणाचं भय नव्हतं आणि तू तर उठूनही बसू शकत नव्हतास. मी म्हणालो, "आता त्याचा विचार करू नकोस. पड जरा."

तू डोळे मिटलेस. निरोप गेला नाही. चौथ्या दिवशी तू गेलास.

मी हे का केलं, ते मला नीट सांगता येत नाही. तुला खरं कळलं असतं तर तू मला क्षमा केली असतीस, तुझा स्वभावच तसा. पण त्या आधीचा एक क्षण तू माझ्याकडे पाहिलं असतंस. तो क्षण मला नको होता. त्यासाठी मी तुला मरताना भावावाचून ठेवलं.

दहाव्यानंतर मी कामाला लागलो. भट्टीवाल्यांना कागद लिहून दिला, ढीग कसा धुमसला, पाणी किती ओतलं, सगळं. मोठे शेठ वाचून म्हणाले, "आता कशाला जुनं उकरता? गाड्या तरी कुठं राहिल्यात?" तोच कागद मी सही करून चावडीत वाचायला दिला. बावीसपैकी सोळा जण गावात आहेत. त्यांतला एक जण माझ्यासमोर थुंकला. बाकीचे उठून गेले.

किसनाकडे मी गेलो तो परवा. तो दुष्काळी कामावर खडी फोडतो, सडकेच्या कडेला. पोत्याचं छप्पर करून खाली बसला होता, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी त्याच्यासमोर मातीत बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. तो हातोडी चालवत ऐकत होता. खालच्या कडेच्या चिखलाचं सांगितलं तेव्हा हात थांबला. मग त्यानं आणखी एक दगड ओढून घेतला.

सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "किसन, तू मला काय हवं ते बोल."

त्यानं समोरचा दगड फोडून संपवला आणि हातोडी खाली ठेवली. मग विचारलं, "दादाला सांगितलं व्हतं का तुमी ह्ये?"

"नाही."

"मंग मला कशापायी सांगता?" तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी न्हाई चोरलं, ह्ये मला म्हाईतच हुतं की, बाबू. ज्याला म्हाईत न्हवतं त्याला सांगायचं हुतं."

आणि त्यानं पुन्हा हातोडी उचलली. मी उठून आलो.

तेव्हापासून हे लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं, तुझ्या चिठ्ठ्या मीच तुला वाचून दाखवायचो आणि तू माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवायचास. ही शेवटची.

गेणबा, माल ओला होता. तुझ्या भावानं कोळसा घेतला नाही.